बिष्णुमायाच्या नावाचं मत

बिष्णुमायावर अन्याय झाला. गेल्या फागुनात, नेपाळच्या संसदेसाठी मतदान होतं त्या दिवशी, सकाळी मतदान केंद्राचं दार उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. त्या वेळी ती नदीच्या अलीकडे, अडकून पडलेल्या बसच्या बाहेर, बॅग पायाशी ठेवून उभी होती. आणि नदीच्या पलीकडे, डोंगराच्या सोंडेवरच्या शाळेत, बिष्णुमायाने मत दिलं. नखाला शाई लावून घेतली, कागदाची घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर येऊन चहा प्यायली.

पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. फी वाढली, पत्रक. हॉस्टेलचं पाणी गेलं, पत्रक. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कधी ते सांगायचं, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं ते सांगायचं. मधलं कुणी वाचत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. बिष्णुमायाचं पत्रक मी त्याच पद्धतीने लिहायला बसले होते. वर्ष झालं. पहिली ओळ लिहून झाली होती, शेवटचीही सुचली होती. मधल्यातच अडकले, ती अजून तिथेच आहे.

नावं बदलली आहेत. मतदारसंघाचं तर लिहीतच नाही. नेपाळात जिल्ह्याचं नाव आणि पुढे एक आकडा, एवढंच मतदारसंघाचं नाव असतं. आकडा सांगितला की गाव सापडेल, गाव सापडलं की घर.

फळा परत उभा राहिलाय. मी राहते तिथे, जपानमध्ये, फुनाबोरी स्टेशनवरून आमच्या इमारतीकडे येताना एक छोटी बाग लागते. तिच्या कुंपणापाशी वॉर्डाची माणसं काल लांबलचक पांढरा फळा बांधून गेली. त्यावर चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एक आकडा, आणि आत काहीच नाही. उमेदवार ठरले की जो तो आपापल्या आकड्यावर येऊन आपला फोटो डकवेल. जपानी निवडणूक अशी रांगेत येते. तोवर ते आकडे नुसतेच रस्त्याकडे बघत राहतात. हवेत ‘सुगी’ नावाच्या जपानी देवदारांचे पराग आहेत, अर्धं शहर मास्क लावून शिंकतंय, डोळे चोळतंय. या दिवसांत ट्रेनमध्ये कुणी डोळे पुसत असेल तर शेजारचा बघतही नाही. पराग आहेत, बस. रडायला याच्याइतका सोयीचा मोसम नाही.

काही दिवसांनी प्रचाराच्या गाड्या फिरू लागतील. खिडकीतून पांढरे हातमोजे हलतील, भोंग्यावर उमेदवाराचं नाव, नुसतं नाव, पुन्हा नाव. मी साधी उभी असले तरी माझ्याकडे बघून कमरेत वाकतील. मला इथे मत नाही हे त्यांना कुठून माहीत असणार. सायकलवर मुलगी बसवून शाळेत सोडायला निघालेली ती पुण्याची बाई, कोन्बिनीच्या दुकानातून दूध घेऊन निघालेला तो ठाण्याचा इंजिनिअर, सगळ्यांना तो हात हलतो. आम्हीही हलवतो. मागच्या वर्षी बिष्णुमाया म्हणाली होती, "बहिनी, हे आपल्याला हात करतात की आपल्यातून पलीकडे बघतात?"

बहिनी म्हणजे धाकटी बहीण. मी तिला दिदी म्हणते आणि तिच्या नवऱ्याला, दिलबहादुरला, आपल्याकडच्या रीतीने दाजी. दोघं स्टेशनामागच्या गल्लीत हॉटेल चालवतात. पाटीवर ‘इंडियन रेस्टॉरंट’ लिहिलंय आणि आत एकही इंडियन नाही. इंडियन रविवारी येतात, नान गोड लागतो म्हणून कुरकुरतात आणि दोन नान जास्त मागवतात. आमची भाषा हिंदी, त्यात जपानी, आणि रागावलं की तिची नेपाळी आणि माझी मराठी. त्यातलं सगळं कळतं, रागातलं तर जास्तच.

तो मतदारसंघ मी तिथे शिकले. गुळगुळीत काउंटर, त्यावर डाळीचं पातेलं, तंदूरची धग, आणि दाजी पिठाचा गोळा या हातातून त्या हातात फेकत सांगायचा. त्याच्या आजोबांच्या काळात एकदा मतदान झालं. लोक सणाचे कपडे घालून गेले. मग राजाने संसदच गुंडाळली, आणि पुढे आजोबांचं आयुष्य संपेपर्यंत पक्षाचं नाव मोठ्याने घ्यायची सोय राहिली नाही. दाजीच्या लहानपणी पक्ष परत आले, भिंती रंगल्या. मग डोंगरात बंडखोरांचं आणि सरकारचं युद्ध पेटलं. रात्री एक जण जेवण मागायचा, दिवसा दुसरा येऊन विचारायचा, कुणाला जेवण दिलंस. ज्या शाळेत पेटी ठेवायचे त्याच शाळेतून पोरांना घेऊन गेले. युद्ध संपल्यावर पेटी परत त्याच खोलीत आली. हमालाच्या पाठीवरून, सील केलेली, मागेपुढे पोलीस, सोंडेवरच्या पायवाटेने.

"माणसं परत नाही आली, पेटी आली," दाजी म्हणायचा आणि नान तंदूरच्या भिंतीला थापायचा.

मग सीमा नव्याने आखल्या. डोंगर तोच, नदी तीच, फक्त यांचं गाव एका आकड्यातून उचलून दुसऱ्या आकड्यात टाकलं. पलीकडच्या खोऱ्यातल्या ज्या लोकांशी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरून भांडणं, ते आता एकाच मतदारसंघातले. आणि त्यानंतर जे झालं ते कुणी आखून केलं नाही. माणसं निघून गेली. आधी आखातात, मग मलेशियात, मग इथे.

"आमच्या मतदारसंघाची सभा घ्यायची ना," दाजी म्हणाला होता, "तर मंडप दोहाला घाल, नाहीतर इथे फुनाबोरीत. तिकडे गावात सभेला कोण येणार, शेळ्या?"

सगळे हसले. काउंटरवर तिघं-चौघं नेपाळी होते, कुणी गोदामात काम करणारे, कुणी भाषाशाळेत शिकून संध्याकाळी बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करणारे. त्यांच्यापैकी एकालाही इथून मत देता येत नाही. तिथल्या कोर्टाने सोय करायला सांगून झालंय, सोय झालेली नाही. आणि आपण भारतीयांनी फार हसायला नको. आपल्यालाही नाव यादीत ठेवता येतं, मत द्यायला मात्र विमानाने जायचं.

बिष्णुमायाने ठरवलं, विमानाने जायचं.

काठमांडूत तरुण पोरं रस्त्यावर उतरली होती. त्यातली काही घरी परत गेली नाहीत. सरकार पडलं, निवडणूक वेळेआधी लागली. त्या दिवसांत ती मोबाइल काउंटरला टेकवून कांदे चिरत बसायची आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे असं म्हणायची. आयुष्यात तिने एकदाही मत दिलं नव्हतं. लग्न होऊन सासरी आली, शाळेत नावनोंदणीची माणसं आली, फोटो काढला, बोटाचे ठसे घेतले, आणि मतदानाच्या आधीच ती इकडे आली.

"एका मतासाठी विमान?" दाजी म्हणाला. "माझ्या भाचीच्या लग्नाला सुट्टी नाही म्हणालीस."

"लग्न माझ्यावाचून अडलं नाही."

"मग मतमोजणी अडणार आहे?"

"ते मोजल्यावर कळेल."

ती गेली. वॉर्डाच्या कार्यालयामागे उमे, म्हणजे जपानी आलूबुखार, फुलली होती आणि तिने जायच्या दिवशी मला दुकानासमोर उभं करून अंगठा दाखवला. डाव्या हाताचा, तिकडे शाई त्याच्याच नखाला लावतात; स्वच्छ, कांद्याने कडा फाटलेला. "परत येईन तेव्हा बघ," म्हणाली.

मतदानाच्या दिवशी मी कोतोमधल्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये होते. कुठल्या तरी बँकेच्या प्रणालीत कुठली तरी चाचणी फसत होती. फोन थरथरला. मी बाहेर आले.

"बहिनी," ती म्हणाली. "माझं मत देऊन झालंय म्हणे."

"झालं? अभिनंदन!"

"मी दिलं नाही गं. झालंय."

मागे माणसांचा गलका येत होता, एक कोंबडा ओरडत होता. मी जिन्यात उभी. सहकारी दार उघडून हळूच विचारून गेला, "शिर्के-सान, दाइजोबु?" ठीक आहे ना? मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याने सहानुभूतीने स्वतःच्या मास्ककडे बोट दाखवलं. पराग.

काय घडलं ते तिने नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, भांडी विसळताना, कचरा वेगळा करताना. नदीवर मोटार जाईल असा पूल नाही. पाणी कमी असलं की बस पात्रातून जाते. आदल्या दिवशी वर पाऊस झाला होता, पात्रात मध्येच ट्रक रुतला होता, मागे सगळ्या गाड्या उभ्या. तिने रात्रीच घरी फोन करून सांगितलं, बस अडकलीय, वेळेवर पोचेन की नाही कळत नाही. सकाळी झुलत्या पुलावरून पायी पलीकडे गेली आणि डोंगर चढली. शाळेच्या पटांगणात रांग होती. तिच्या जपानी जॅकेटकडे बघून लोकांनी वाट दिली. टेबलावरच्या बाहेरगावच्या अधिकाऱ्याने तिचं कार्ड बघितलं, यादी बघितली, मग तिच्याकडे.

"तुमचं झालंय."

"मी आत्ता येतेय. जपानहून."

रांगेतून एक म्हातारा भाबडेपणाने बोलला, "बिष्णुमाया तर सकाळीच देऊन गेली की. मी बघितलं."

कुणी हसलं नाही. तिला ते जास्त लागलं. ती म्हणते, सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी आले ही चूक झाली. जशी मेलेली बाई तेराव्याला दारात उभी राहावी.

पटांगणाच्या कडेला चहाच्या पेल्याशी तिची नणंद बसली होती. सरस्वती. तिच्या अंगठ्याच्या नखावर शाई ओली दिसावी इतकी ताजी होती.

आता इथपर्यंत पत्रक सरळ जातं. बोगस मतदान, गुन्हा, तक्रार, कारवाई. मी त्याच दिवशी फोनवर तिला ओरडून सांगितलं, तक्रार कर, लगेच, टेबलावरच, लेखी. ती ऐकत होती. मग म्हणाली, "थांब, घरी जाऊन येते," आणि फोन बंद केला.

घरी संध्याकाळी चुलीपाशी तिघी बसल्या. सासू, नणंद, ती. कुणी कुणाची माफी मागितली नाही.

"दुपारपर्यंत आली नाहीस तर?" सासू म्हणाली. "घराचं मत फुकट घालवायचं होतं?"

"आई, मी आयुष्यात एकदाही मत दिलं नाही."

"असं कसं? दर वेळी दिलंयस."

"कुणाला?"

आणि सासूने सांगितलं. कढीला फोडणी कुठली दिली ते सांगावं तितक्या सहज. पहिल्यांदा तू गावच्या मास्तरांना दिलंस. युद्धात त्यांचा भाऊ गेला होता, सगळ्या गावाने त्यांना दिलं, पडले बिचारे, पलीकडच्या खोऱ्याने पाडलं. मग सीमा बदलल्या, त्या वेळी नव्या पक्षाच्या पोराला दिलंस, त्याने गावात पहिल्यांदा शौचालयाबद्दल बोलायची हिंमत केली होती. तो निवडून आला आणि काठमांडूलाच राहिला. मागच्या वेळी पुलाचं बोलला त्याला. तोही आला निवडून.

"पूल कुठाय?" बिष्णुमायाने विचारलं.

"नाही झाला."

तेव्हा ती पोट धरून हसली, असं ती सांगते. म्हणाली, म्हणजे बघ बहिनी, पुलाची थाप मारणाऱ्याला निवडून द्यायला माझंच मत होतं, आणि पूल नाही म्हणून मीच मत द्यायला उशिरा पोचले. फुनाबोरीत मी कांदे चिरत होते तेव्हा तिकडे माझा केवढा मोठा राजकीय इतिहास चालला होता. कुणी एकदा मला विचारायचं तरी.

मी हसले नाही. तिने सांगितलं त्या रात्रीपासून ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. एक बाई इथे ताटं पुसतेय, ‘इरास्शाइमासे’, या या, म्हणत गिऱ्हाइकाला वाकतेय, आणि तिचं नाव डोंगरात रांगेत उभं राहतंय, चिडतंय, आशा धरतंय, फसतंय, पुन्हा पाच वर्षांनी उभं राहतंय. तिला पत्ता नाही. असं एकेका घराचं. त्या यादीत किती नावं अशी चालत असतील, ज्यांचे पाय दोहात आहेत?

"आणि या वेळी?" बिष्णुमायाने नणंदेला विचारलं. "या वेळी मी कुणाला दिलं?"

सरस्वती चुलीत लाकूड सारत होती. म्हणाली, "ते नाही सांगणार, वहिनी. मत गुप्त असतं."

हे ऐकून मी मराठीत जे बोलले ते छापण्यासारखं नाही. दुसऱ्याच्या नावाने मत टाकायचं आणि वर गुप्ततेचा नियम सांगायचा! बिष्णुमायाने मला बोलू दिलं. मग तिने पुढचं सांगितलं, ज्याच्यामुळे माझं पत्रक मोडलं.

तिने नणंदेला विचारलं होतं, "मग तुझं? तुझं मत कोण देतं?"

सरस्वतीला मत नाही. कधीच नव्हतं. तिचं नाव कुठल्याही यादीत नाही, कारण तिच्याकडे नागरिकत्वाचा कागद नाही. वडील तो करण्याआधी गेले. नवऱ्याने लग्नानंतर करतो म्हटलं, मलेशियाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडला. त्याच्या घरच्यांनी हिला परत पाठवलं. कागद मिळतो, कायद्यात आहे. घरातल्या कुणीतरी, ज्याचा स्वतःचा कागद आहे अशाने, कचेरीत तिच्यासोबत उभं राहून सांगायचं की ही आमची. आई जाऊन आली. एकदा साहेब नव्हता. एकदा म्हणाले, घरातला पुरुष आणा.

"आईचं बोलणं चालत नाही का?" मी विचारलं.

"चालतं," बिष्णुमाया म्हणाली. "चालवून घेत नाहीत."

घरातला पुरुष म्हणजे दिलबहादुर. तो फुनाबोरीत तंदूरपाशी उभा आहे.

सरस्वतीकडे अंगठा आहे, नाव नाही. म्हणून बिष्णुमायाचं नाव ती घालते, सणाला वहिनीची साडी नेसावी तसं. फोटो नखाएवढा, जुना, डोक्यावरून पदर घेतला की त्या मळकट फोटोत आणि कुठल्याही बाईत फरक उरत नाही. रांगेतल्या सगळ्यांना माहीत. सगळ्या पक्षांच्या माणसांना माहीत, कारण प्रत्येकाच्या घरात असं एखादं नाव आहे. ती पहाटे अंघोळ करून जाते. कागदावर स्वस्तिकाचा शिक्का मारते आणि घडी घालण्याआधी त्यावर फुंकर घालते, शाई दुसऱ्या चौकोनाला लागून मत बाद होऊ नये म्हणून. वहिनीचं मत आहे, बाद व्हायला नको.

मग तक्रार कुणाविरुद्ध? टेबलावर तक्रार दिली असती तर पोलिसांनी सरस्वतीला नेलं असतं. आणि तिचं नाव विचारल्यावर तिने काय लिहून दिलं असतं? ज्या देशाच्या कुठल्याही कागदावर ती जन्मलीच नाही, त्या देशाच्या कागदावर ती पहिल्यांदा आली असती ती आरोपी म्हणून.

मला हे बसवता येईना. मी पत्रकाची माणूस. एका बाजूला अन्याय, दुसऱ्या बाजूला अन्याय करणारा, मध्ये कोरी जागा. इथे ज्या बाईने मत चोरलं तिच्याकडे मत नव्हतं, आणि जिचं चोरलं ती जन्मात पहिल्यांदा दारापर्यंत पोचली होती. अन्याय झाला याबद्दल मला अजिबात शंका नाही. मी काही समजूतदार वगैरे झालेले नाही. चोरी ती चोरीच. पण पहिल्या ओळीत एक नाव लिहून भागत नाही, दोन लिहावी लागतात, आणि दुसरं नाव लिहिलं की बोट फिरत फिरत तंदूरकडे जातं.

ती परत आली तेव्हा उमे गळून गेली होती आणि नदीकाठच्या साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, कळ्या फुगायला लागल्या होत्या. दुकानात गेले. तिने न विचारता अंगठा दाखवला. तसाच. कोरा.

"दाजी," मी म्हणाले, "तुमच्या बहिणीला कागद नाही."

"माहितीये."

"मत नाही."

"आहे ना," तो म्हणाला. पीठ मळत होता, मान वर केली नाही. "वहिनीचं टाकते की."

बिष्णुमायाने हातातला चमचा खाली ठेवला. एवढा आवाज पुरला. गिऱ्हाईक दोन होते, दोघांनी वर पाहिलं.

तेव्हापासून तो जाणार आहे. गोल्डन वीक संपला की जाणार होता, मे महिन्याच्या त्या सुट्ट्यांत दुकान भरलेलं असतं. मग ओबोन, ऑगस्टातला पितरांचा सण, होऊ दे म्हणाला. मग वर्षअखेरीच्या पार्ट्या. मग व्हिसाचं नूतनीकरण. खोटं एकही नव्हतं. वाईट माणूस नाही तो. आईशी रोज बोलतो, बहिणीसाठी गरम जॅकेट पाठवतो, तिच्या आजारपणात सगळं इथून बघितलं. फक्त तिथे जाऊन, एका टेबलासमोर उभं राहून, चार शब्द बोलायचे आहेत, ते फोनवरून बोलता येत नाहीत. विमानात बसून, नदीच्या पात्रातून, कचेरीच्या बाकावर बसून मग बोलायचे. एका बहिणीसाठी विमान?

हे मी त्याला असंच बोलून दाखवलं. पुढचे काही रविवार माझ्या ताटात नान करपलेला यायचा.

मागच्या आठवड्यात गावाहून फोन आला. तिकडे आता स्थानिक निवडणुकीचं बोलणं सुरू झालंय. फोन काउंटरवर टेकवलेला, आवाज मोकळा सोडलेला, मी शेजारी डाळभात खात होते. सासूचं बोलून झालं, मग सरस्वती आली. इकडचं तिकडचं बोलली. शेळी व्याली. पलीकडच्या बाजूला पुलासाठी खडी टाकलीय, निवडणूक आली की टाकतात. मग जरा थांबून विचारलं,

"वहिनी, या वेळी तू येणार आहेस का?"

साधा प्रश्न. माहेरवाशिणीला विचारतात तसा. पण त्या स्वयंपाकघरात सगळ्यांना कळलं ती काय विचारतेय. तू आलीस तर मी त्या दिवशी घरी बसेन. तू नाही आलीस तर मी आहे.

नळ चालू होता. बिष्णुमायाने बंद केला नाही. हातातलं ताट पुन्हा एकदा विसळलं आणि म्हणाली, "नाही. तू जा."

"बरं," सरस्वती म्हणाली. तिचा आवाज असा निघाला, जसं कुणी अंगावर पांघरूण घातलं.

हा गुन्हा आहे. मला माहीत आहे, बिष्णुमायाला माहीत आहे. ज्या मतासाठी ती नदी ओलांडून गेली ते तिने माझ्यासमोर भांडी घासता घासता देऊन टाकलं, आणि मी डाळभात खात राहिले. फोन ठेवल्यावर ती नवऱ्याकडे वळली.

"पुढच्या वेळी ती तिच्या नावाने जाईल. तू जा."

"जाऊन काय बोलू?" दाजी म्हणाला. खरंच विचारत होता.

"ही माझी बहीण आहे. एवढंच."

त्याने ओठ हलवून बघितले. आवाज आला नाही. तंदूरमधून नान काढायचा राहून गेला, काळा पडला, खाली निखाऱ्यात गळून पडला. हे मी लिहितेय त्या सकाळपर्यंत तो गेलेला नाही. रोज जाता-येता मी विचारते. रोज विचारणार आहे.

त्या रात्री मी पुण्याला फोन लावला. आईची गुडघेदुखी, सोसायटीतला पाण्याचा टँकर, सगळं झालं. मग बाबांना विचारलं, "बाबा, मागच्या निवडणुकीत माझं नाव यादीत होतं?"

"होतं की. चिठ्ठी आली होती तुझ्या नावाची."

"मग?"

"मग काय. वस्तीतली पोरं आली होती प्रचाराची. म्हणाली, ताई परदेशात ना, मग चिठ्ठी आमच्याकडे द्या, पडून काय करायचीय. दिली."

"कुणाला दिली? नाव काय त्याचं?"

"अगं, आता ते कोण लक्षात ठेवतं?"

वारजेतल्या त्या शाळेचं फाटक मला दिसत होतं, जिथे मी लहान असताना बाबांचं बोट धरून गेले होते. रांग. आणि रांगेत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, हातात माझी चिठ्ठी. कदाचित ती चिठ्ठी कुणी वापरलीच नसेल. कदाचित कचऱ्यात गेली असेल. पण तेव्हापासून ती बाई तिथून हलत नाही. पहाटे अंघोळ करून आलीय, माझं नाव घालून. तिचं स्वतःचं कुठे राहिलं, हे तिला कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. मला तिचं नाव माहीत नाही, आणि माझं तिला पाठ आहे.

सकाळी कामावर जाताना तो फळा लागतो. आकडे, पांढरे चौकोन. अजून एकही चेहरा नाही.

तुम्ही हे फुनाबोरीत वाचत असाल, कोतोत, उरायासुत, किंवा तुमच्या पोरांनी पाठवलेल्या फोनवर पुण्यातल्या घरात बसून. घर सोडून गेलेलं एक तरी नाव तुमच्या घराच्या यादीत आहे. आज घरी फोन करा. तब्येत विचारा, पाणी विचारा, जेवण झालं का विचारा. मग विचारा, त्या नावाने रांगेत कोण उभं राहिलं. लक्षात नाही म्हणतील. विषय बदलतील. फोन ठेवू नका. नाव काढून घ्या. आणि नाव मिळालं की लगेच दुसरा फोन लावा, तिला. विचारा तिचं स्वतःचं नाव कुठल्या यादीत आहे. नसेल, तर त्या टेबलासमोर तिच्यासोबत जाऊन उभे राहा.